नेड केलीच्या नावाने कॉकटेल करायचंय, ग्लासात काय काय पडावं?

रेडगम
नमस्कार मंडळी. मेलबर्नात राहून अकरा वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात पहिल्यांदा केली कंट्रीत जाऊन आलो, म्हणजे ग्लेनरोवन, बीचवर्थ आणि तसंच पुढे रदरग्लेन. ग्लेनरोवनला नेड केलीचा सहा मीटरचा पुतळा आहे, डोक्यावर ते बादलीसारखं लोखंडी शिरस्त्राण, हातात बंदूक, पोरांनी त्याच्या बुटापाशी उभं राहून फोटो काढले. तिथून पुढे वाटेत एका बारमधे 'नेड केली' नावाचं कॉकटेल दिसलं, म्हटलं घेऊ. काळंकुट्ट प्रकरण आलं, कोळसा घालून काळं केलेलं, वर पत्र्याचं छोटं हेल्मेट, आणि चव म्हणाल तर पोरांच्या खोकल्याच्या औषधात कोला ओतल्यासारखी. बिल बघून बायको म्हणाली, नाव दरोडेखोराचं आणि दरोडा आपल्यावर.

तर आता ११ नोव्हेंबरच्या आसपासच्या शनिवारी दहाबारा जण घरी येणार आहेत. ११ नोव्हेंबर १८८० ला त्याला मेलबर्नच्या तुरुंगात फाशी दिलं. माझ्या डोक्यात असं आहे की त्याच्या नावाचं एक नीट कॉकटेल करावं, हेल्मेटबिल्मेट नाही, पण प्यायल्यावर माणसाची गोष्ट आठवली पाहिजे. रदरग्लेनहून आणलेली मस्कॅटची बाटली घरात आहे, व्हिस्की आहे. पुढे काय? सुचवा. शेकर नाहीये, घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आहे.

पेठेतला_पाहुणा
पहिला नंबर. डबा गळका नाही ना तेवढं बघून घ्या, आमच्याकडे एकदा पन्हं हलवताना छताला गेलं होतं.

पण हा नेड केली नक्की कोण? मला वाटायचं क्रिकेटर आहे.

रेडगम
हाहा. थोडक्यात सांगतो, जमलं तर.

बाप आयर्लंडमधला, टिपररीचा. दोन डुकरं चोरली म्हणून टास्मानियात धाडलेला, तेव्हा त्याला व्हॅन डीमन्स लँड म्हणायचे. सुटल्यावर व्हिक्टोरियात आला, लग्न केलं, पुढे दारू जास्त झाली आणि १८६६ मधे गेला, तेव्हा नेड जेमतेम बारा वर्षांचा. आई एलन, पदरी पोरं, नावापुरती जमीन, आणि विनापरवाना दारू विकून घर चालवायची. आपल्याकडे गुत्ता म्हणतात तसं समजा. १८७८ मधे एक हवालदार घरी आला, काहीतरी झटापट झाली, काय झालं यावर आजही भांडणं होतात, पण आईला तीन वर्षांची शिक्षा झाली, कडेवर तान्ही मुलगी असताना. नेड आणि धाकटा भाऊ डॅन रानात पळाले, बरोबर जो बर्न आणि स्टीव्ह हार्ट. २६ ऑक्टोबर १८७८ ला स्ट्रिंगीबार्क क्रीक नावाच्या ओढ्याकाठी त्यांच्या मागावरचे तीन पोलीस मेले. तिथून पुढे सरकारने त्यांना सरळ आउटलॉ ठरवलं, दिसेल तिथे गोळी घाला.

मग दोन बँका. १० डिसेंबर १८७८ ला युरोआची नॅशनल बँक, दोन हजारांवर पौंड. आणि फेब्रुवारी १८७९ ला सीमेपलीकडे न्यू साउथ वेल्समधलं जेरिल्डेरी. तिथे तर आधी पोलिसांनाच त्यांच्या कोठडीत कोंडलं, त्यांचेच गणवेष चढवून दोन दिवस गावात हिंडले, आणि सोमवारी बँक ऑफ न्यू साउथ वेल्स लुटली, २१४१ पौंड. बँक हॉटेलला लागूनच होती, तेव्हा गावातले लोक हॉटेलात धरून ठेवले होते. म्हणजे कॉकटेलचा संबंध अगदीच ओढूनताणून नाही हो.

शेवट ग्लेनरोवनला, जून १८८०. नांगराच्या फाळपट्ट्या ठोकून केलेलं चिलखत, एकेक ४०-४५ किलोचं. नेडच्या पायांना मात्र काहीच नव्हतं, पोलिसांनी पायावर गोळ्या घातल्या. बाकी तिघे तिथेच गेले, हा जिवंत सापडला आणि नोव्हेंबरात फासावर.

पेठेतला_पाहुणा
"थोडक्यात" हा शब्द आजपासून बाद.

युरोआबद्दल आत्ता वाचत होतो, बँकेच्या मॅनेजरला, बायकोला, सात पोरांना आणि शिवाय सासूला पण टोळीने बरोबर नेलं म्हणे शेतावर. सासूला स्वतःहून बरोबर नेणारा दरोडेखोर जगात हा एकच असणार. शूर माणूस.

अस्सल_रांगडा
कॉकटेल वगैरे काही नको. व्हिस्की, पाणी, चकली. झालं.

वंदना_बेंडिगो
रसभंग करते, सॉरी. मी बेंडिगोला राहते आणि आमच्या शेजारचे आजोबा पोलिसातून निवृत्त झालेले. ते आम्हाला एकदा मॅन्सफील्डला घेऊन गेले होते, तिथे भर रस्त्यात चौकात त्या तीन पोलिसांचं स्मारक आहे, केनेडी, लोनिगन आणि स्कॅनलन. केनेडी आणि लोनिगन दोघेही बायकामुलं मागे ठेवून गेले. आणि गंमत म्हणजे हे तिघे पण आयरिशच. म्हणजे गरीब आयरिश पोराने गरीब आयरिश पोलीस मारले, जमीनदार आपले घरी जेवत होते.

नेड म्हणायचा की आधी त्यांना शरण या म्हणून सांगितलं होतं, आणि निसटलेला चौथा पोलीस मॅकिंटायर कोर्टात वेगळं सांगतो. मी वाद घालत नाही. पण आजोबांसमोर मी 'नेड केली' नावाचा ग्लास उचलू शकणार नाही एवढं खरं. ते काही बोलणार नाहीत, फक्त लिंबू सरबत मागतील, आणि ते जास्त लागेल.

रेडगम
वंदनाताई, सॉरी कशाला, हे यायलाच हवं होतं. स्ट्रिंगीबार्कबद्दल माझं पण मन साफ नाही. म्हणूनच गोड कॉकटेल नकोय मला. त्या बारमधल्या ग्लासात हेच खटकलं, खून, फाशी, आईचा तुरुंग सगळं साखरेत बुडवलेलं.

खलबत्ता_डब्लिन
आता पेयाकडे वळा बुवा.

मस्कॅट आहे म्हणालात ना, मग अर्धं काम झालंय. रदरग्लेन मस्कॅट म्हणजे केलीच्याच मुलखातली फोर्टिफाइड वाइन, म्हणजे स्पिरिट घालून कडक केलेली, साधारण १८ टक्के, मनुका-खजूर-जळक्या साखरेसारखी चव. मॅनहॅटन नावाच्या कॉकटेलमधे जिथे गोड व्हर्मूथ, म्हणजे मसाले घातलेली वाइन, घालतात तिथे ही घालायची, फक्त कमी, कारण ही व्हर्मूथपेक्षा कितीतरी गोड. व्हिस्की ६० मिली, मस्कॅट १५, बिटर्स (मसाल्यांचा कडू अर्क) दोन ठिपके. आणि ढवळायचं, हलवायचं नाही! नुसत्या दारवांचं कॉकटेल डब्यात घालून खडखडवलं की हवा शिरते, फेसाळ आणि गढूळ होतं. लिंबूरस, अंडं, साय असेल तर हलवा. तेव्हा तो डबा चिवड्यालाच ठेवा.

व्हिस्की आयरिश घ्या. बाप टिपररीचा.

रेडगम
बाप टिपररीचा पण पोरगा बेव्हरिजचा, मेलबर्नच्या उत्तरेला आहे, पक्का इथला. ऑस्ट्रेलियन व्हिस्की नको का मग?

खलबत्ता_डब्लिन
अर्धी अर्धी करा. घरातलं भांडण ग्लासात येऊ दे.

मांडवीपार
हांव गोंयचो, तर मी काजू फेणी सुचवणार हे उघड आहे. वास घेऊन पोलीस पण मागे फिरतील.

पण सिरियसली, फेणी इथे बसत नाही हे मलाही कळतं. फेणी कशातच विरघळून जात नाही, ती ज्यात जाते त्याची फेणीच होते. मस्कॅट वाया जाईल.

निवृत्त_रोखपाल
चौतीस वर्षं बँकेत काढलेला माणूस आहे, म्हणून एका मुद्द्यावर राहवत नाही. हा मनुष्य लोकनायक का झाला तर म्हणे त्याने बँकेतली गहाणखतं जाळली आणि गरीब शेतकरी कर्जमुक्त झाले. अहो, असं होत नसतं! व्हिक्टोरियात १८६२ पासून टॉरेन्स पद्धत आहे, म्हणजे जमिनीची मालकी आणि त्यावरचा बोजा सरकारी रजिस्टरात. नोंदवलेल्या गहाणाचा बँकेतला कागद जाळला तरी रजिस्टरातली नोंद जागच्या जागी. फार तर शाखेचा हिशोब लावताना चार महिने कारकुनांचे हाल. ते हाल मी भोगलेत, आग लागली नव्हती, फक्त नवी संगणकप्रणाली आली होती.

बाकी कॉकटेलमधलं मला कळत नाही. आम्ही मार्च एंडिंगला चहा पितो.

पेठेतला_पाहुणा
काका, नवी प्रणाली विरुद्ध नेड केली यात जास्त नुकसान कोणी केलं ते पण सांगा.

सुप्याचा_सूर्या
रोखपाल काका, मुद्दा कायद्याने बरोबर आहे पण जाळणाऱ्याला ते माहीत नसतं असं नाही, त्याला कागदाचा राग असतो. मी मूळचा सुप्याचा, बारामतीजवळचं. १२ मे १८७५ ला आमच्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर हल्ला केला तो मुख्यतः कर्जरोख्यांसाठी. रोखे मागून घेतले आणि जाळले, पैशाअडक्यापेक्षा ती कागदं महत्त्वाची. मग ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. अंगठा उठवलेला कागद, वाचता येत नाही, आकडा किती लिहिलाय माहीत नाही, आणि तोच कागद कोर्टात तुमची जमीन घेऊन जातो. मग तो चुलीत घालावासा वाटणार नाही तर काय.

आणि बघा, सरकारने चौकशी आयोग नेमून शेवटी शेतकऱ्यांसाठी कायदा केला तो १८७९ ला. जेरिल्डेरी १८७९. आमचे वासुदेव बळवंत फडके रामोशांना घेऊन धाडी घालत होते ते पण १८७९, जुलैत पकडले, एडनला पाठवले, १८८३ ला तिथेच गेले. एकाच राणीच्या राज्यात, एकाच साली. मला तर हे वाचून जेवण गेलं नाही.

वंदना_बेंडिगो
हे फार छान लिहिलंत. पण फडके आणि केली एका ताटात नको. फडक्यांना राज्य उलथायचं होतं, दुष्काळात माणसं मरताना बघून उठलेला माणूस तो.

सुप्याचा_सूर्या
एका ताटात नाही वाढत ताई, एका पंगतीत बसवतोय फक्त. साल तेच म्हणून.

शिवाय केलीचं पण ते जेरिल्डेरीचं पत्र आहेच की. आठ हजार शब्द, बर्नला सांगून लिहून घेतलेलं. छापा म्हणून दिलं होतं, तेव्हा कोणी छापलं नाही. त्यात गरिबांवरचा जुलूम, आयर्लंड, आईवरचा अन्याय सगळं येतं.

रेडगम
ते पत्र इथे स्टेट लायब्ररीत आहे, चिलखताबरोबर. त्यात पोलिसांना शिव्या कशा दिल्यात माहितीये? लठ्ठ मानेचे, वोम्बॅटच्या डोक्याचे, पोट सुटलेले, मॅगपाय पक्ष्याच्या तंगड्यांचे, असं करत करत आयरिश बेलिफांची नाहीतर इंग्रज जमीनदारांची पोरं, इथवर एका दमात. विरामचिन्हं जवळजवळ नाहीत.

पेठेतला_पाहुणा
विरामचिन्हं नाहीत, आठ हजार शब्द, शिव्या, आणि छापलं नाही. म्हणजे आपल्या फोरमचा पहिला सभासद!

अस्सल_रांगडा
वोम्बॅट म्हणजे काय

मांडवीपार
घुशीचा श्रीमंत मावसभाऊ.

डॉ_काढा
उशिरा आलो. दोन गोष्टी काळजीच्या, मग तुमचं चालू द्या.

१. कोळसा. काळं दिसावं म्हणून ॲक्टिव्हेटेड चारकोल घालतात. तोच कोळसा आम्ही विषबाधेत देतो कारण तो पोटात गोष्टी शोषून घेतो. त्याला तुमचं विष आणि तुमची रक्तदाबाची गोळी यातला फरक कळत नाही. पाहुण्यांत कोणी रोजची औषधं घेणारं असेल तर ते काळं सोंग नकोच.

२. कोणीतरी आता निलगिरी सुचवणार, गम ट्री म्हणून. निलगिरीचं तेल थेंबभरसुद्धा ग्लासात टाकू नका. वाफारा घेणं वेगळं आणि पोटात जाणं वेगळं. चमचाभराने लहान मूल गंभीर आजारी पडू शकतं.

रेडगम
अरे बापरे. डॉक्टर, खरं सांगतो, मागच्या अंगणातल्या गमची पानं तोडून धुवून ठेवली होती सकाळीच. केराच्या टोपलीत.

डॉ_काढा
ऑस्ट्रेलियन वासच हवा असेल तर लेमन मर्टल बघा. चहात, बिस्किटात खातातच लोक. गवती चहाचीच पण जास्त तिखट लिंबाळ बहीण.

कुंदा_काकू
गवती चहा म्हटल्यावर आले. माझ्या मते कॉकटेलमधे कोरा चहा घाला. रानात राहणारी माणसं, बिलीत चहा उकळत असणार ना? बिली म्हणजे तो तारेच्या कडीचा पत्र्याचा डबा, मुलाकडे सिडनीला गेले तेव्हा कॅम्पिंगला बघितला. आसाम कडक उकळून, गार करून, बिनसाखरेचा. मस्कॅटचा गोडवा तुरट चहा बरोबर कापेल.

हो, मी पिते. आश्चर्य वाटून घेऊ नये.

पेठेतला_पाहुणा
काकू दंडवत.

खलबत्ता_डब्लिन
काकूंचा मुद्दा शंभर टक्के. माझंच माप बदलतो: आयरिश २०, ऑस्ट्रेलियन २५, मस्कॅट २०, गार कोरा चहा १५ मिली. बिटर्स दोन ठिपके. मोठा एकच बर्फाचा तुकडा. चहा आला की मस्कॅट थोडी वाढवली तरी चालते.

मोठा बर्फ कसा करायचा विचारू नका, वाटीत पाणी घालून फ्रीजरला लावायचं.

टंट्यामामाचा_भाचा
खानदेशातून रामराम. एवढी चर्चा झाली आणि टंट्या भिल्लाचं नाव नाही? सावकार लुटायचा, गोरगरिबांना वाटायचा, कितीदा हातातून निसटला, आणि ४ डिसेंबर १८८९ ला जबलपुरात फाशी. केलीनंतर नऊ वर्षांनी. पाताळपाणीजवळ रेल्वे क्षणभर थांबायची त्याच्या मानाला असं सांगतात. पण मेलबर्नात केलीचे मग, टीशर्ट, दारू. आमच्या मामाच्या नावाचं कॉकटेल कोणी करत नाही.

मोहाची घ्या, पहिल्या धारेची, त्यात गूळ आणि भाजलेलं आलं. करून बघा.

सुप्याचा_सूर्या
भाचेबुवा, आणि करूही नये असं मला वाटतं. त्याच्या नावाने लोक नवस बोलतात. ज्याला कोणी नवस बोलतं त्याचं कॉकटेल होत नसतं.

टंट्यामामाचा_भाचा
देवाला मोहाची वाहतातच की आमच्याकडे. पहिला थेंब जमिनीवर. तुमच्याकडे दारू म्हणजे पाप, आमच्याकडे लग्न त्याशिवाय लागत नाही. एवढं लक्षात ठेवून बोला.

सुप्याचा_सूर्या
हे मान्य. माझं चुकलं.

निवृत्त_रोखपाल
फोरमवर कोणीतरी "माझं चुकलं" म्हणालं. स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मांडवीपार
पण सजावट काय? हेल्मेट नाही म्हणता, मग नुसता तपकिरी ग्लास? चहाच वाटेल.

रेडगम
यावर मी विचार केलाय. लहानपणी ॲव्हेनेल गावात नेडने ओढ्यात बुडणाऱ्या एका मुलाला वाचवलं होतं. त्या पोराच्या घरच्यांनी त्याला रेशमी हिरवा पट्टा दिला, सोनेरी झालर लावलेला. ग्लेनरोवनच्या लढाईत तो पट्टा त्याने चिलखताच्या आत बांधलेला होता. आता बेनालाच्या म्युझियममधे आहे, रक्ताचे डाग अजून आहेत. तर हिरव्या लिंबाची साल लांब सोलून ग्लासाच्या आतून वळवायची. बाहेरून नाही, आतून.

कुंदा_काकू
हे मला आवडलं. साल सोलताना पांढरं येऊ देऊ नका, कडू लागतं.

वंदना_बेंडिगो
हे मला पण आवडलं, विरोध कायम ठेवून.

अस्सल_रांगडा
अजून कोणी चकलीबद्दल बोललं नाही

तिसरा_पेग
वाचनमात्र होतो, पण एक राहिलंच. ग्लेनरोवनला जो बर्न मेला तो बारपाशीच. रात्रभर वेढा, गोळ्या चाललेल्या, हा गडी ॲन जोन्सबाईच्या इनमधे (मुक्कामाच्या हॉटेलात) बारजवळ उभा, व्हिस्की ओतली, टोळीच्या दीर्घायुष्यासाठी ग्लास उचलला आणि तेवढ्यात बाहेरून आलेली गोळी जांघेत. तिथेच गेला म्हणतात. टोस्ट करताना मेलेला माणूस. तर कॉकटेल नेडचं कशाला, बर्नचं करा.

आणि त्या जोन्सबाईंचा तेरा वर्षांचा मुलगा पण त्या गोळीबारात गेला, आणि शेवटी इन पोलिसांनी पेटवून दिली. तिच्या नावाने कोणी काही पीत नाही.

पेठेतला_पाहुणा
...आता माझ्याकडे विनोद नाही.

डॉ_काढा
एक व्यवहाराची गोष्ट. दहाबारा जण येणार म्हणजे गाड्या येणार. हिशोब करून ठेवलाय का?

खलबत्ता_डब्लिन
मी करतो. तुमच्याकडे एक स्टँडर्ड ड्रिंक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे ४० टक्क्यांच्या व्हिस्कीचा आपला छोटा ३० मिलीचा पेग, जवळजवळ. यात व्हिस्की ४५ आणि मस्कॅट २०, मिळून पावणेदोनच्या जरा आत. दिसायला एक ग्लास, मोजायला दोन धरा.

रेडगम
व्हिक्टोरियात गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५, आणि ज्याच्याकडे लर्नर किंवा पी प्लेट (नवशिक्यांची पाटी) आहे त्याला शून्य. आमच्यात दोघांची मुलं पी प्लेटवाली आहेत, तीच आईबापांना घेऊन जाणार. त्यांच्यासाठी काहीतरी बिनदारूचं करावं लागेल पण सरबत देऊन बोळवण नको, त्यांनाही गोष्ट हवी.

वंदना_बेंडिगो
मग ऐका. या सगळ्या गोष्टीत माझा एकच आवडता माणूस आहे आणि तो तुम्ही कोणीच काढला नाहीत. थॉमस कर्नो. ग्लेनरोवनचे शाळामास्तर, पायाने अधू.

टोळीने रूळ उखडून ठेवले होते, मेलबर्नहून पोलिसांची खास गाडी येणार होती, ती दरीत घालायची. गावातली साठएक माणसं इनमधे डांबलेली, गाणी चालली होती, नाच, दारू. कर्नो दिवसभर नेडशी गोड बोलत राहिले, विश्वास बसवला, आणि रात्री म्हणाले बायकोला घेऊन घरी जाऊ द्या, मोठ्याने स्वप्नं बघू नका म्हणून सांगितलं नेडने आणि सोडलं. घरी गेले आणि तिथून मेणबत्ती आणि बहिणीचा लाल रुमाल घेऊन रुळांकडे निघाले. रुमालामागे मेणबत्ती धरून इंजिनाला लाल दिवा दाखवला. गाडी थांबली. गाडीत फक्त पोलीस नव्हते, वार्ताहर होते, बायका होत्या, इंजिन चालवणारे होते.

त्यांचं कॉकटेल करा. बिनदारूचं. त्या रात्री न पिता सगळ्यांची गाडी सांभाळणारा माणूस तो एकच होता.

पेठेतला_पाहुणा
🙏🙏 वंदनाताई जिंकल्या.

कुंदा_काकू
लाल ना? कोकम!! आगळ घ्या, साखरेचा अमृत कोकम नाही. इंडियन दुकानात मिळेल. त्यात आल्याची जिंजर बियर, बिनदारूची, आणि डॉक्टरांच्या त्या लेमन मर्टलचा गार चहा. मीठ चिमूटभर.

मांडवीपार
आणि वर मेणबत्तीऐवजी दालचिनीची काडी, टोक पेटवून विझवलेली. धूर येईल. कोकम म्हटल्यावर आम्ही गोंयकार गप्प.

निवृत्त_रोखपाल
नाव 'मास्तर' ठेवा. मी पण हेच घेईन. मला मेलबर्नला कोणी बोलावलेलं नाही हे माहीत आहे.

रेडगम
शनिवार झाला, रिपोर्ट देतो. उशीर झाला कारण रविवार भांडी घासण्यात गेला.

केली: काकूंचा चहा निर्णायक ठरला. पहिल्या प्रयोगात मी उत्साहात चहा पाच मिनिटं उकळला, इतका कडू झाला की मित्र म्हणाला फाशी याच्यापेक्षा बरी. दुसऱ्यांदा तीन मिनिटं भिजवून गाळला, जमला. पहिल्या घोटाला मनुका, मग धूर नसून धुरासारखं काहीतरी, आणि शेवटी जिभेवर तुरट. गोड राहत नाही तोंड. मला हेच हवं होतं. वाटीतला बर्फ मात्र ग्लासातच शिरेना, वाटी मोठी आणि ग्लास लहान, शेवटी लाटण्याने फोडला. आतून गुंडाळलेली साल अर्ध्या लोकांना दिसलीच नाही, मी मुद्दाम सांगितलं नाही, एका वहिनींनी तळाशी सापडल्यावर विचारलं हे काय, तेव्हा ॲव्हेनेलची गोष्ट सांगितली.

मास्तर: चार लिटर केलं होतं, नऊ वाजता संपलं. पिणारे पण मास्तर मागायला लागले. पी प्लेटवाल्या पोरीने कर्नोची गोष्ट ऐकून विचारलं, मग नंतर त्याला काय मिळालं? म्हटलं बक्षीस मिळालं, पण केलीच्या माणसांच्या भीतीने तो भाग सोडावा लागला. ती म्हणाली, टिपिकल. आणि ग्लास पुढे केला, अजून एक.

वंदनाताई, बेंडिगोच्या आजोबांना विचाराल का, चालेल का त्यांना मास्तर? दीड तासावर आहे, आगळ उरलंय अर्धी बाटली.

वंदना_बेंडिगो
विचारलं. म्हणाले, जिंजर जास्त घाल.

अस्सल_रांगडा
चकली होती का?

रेडगम
होती. जिच्यासाठी डबा मोकळा ठेवला होता तीच.